डाव्या हाताचा गिअर

खिडकीतल्या बाटलीतलं खोबरेल तेल पांढरं झालं की आमच्या नांदेडात थंडी आली असं समजायचं. त्याआधी कितीही स्वेटर निघोत, ती खरी थंडी नव्हे. मग घराघरातून एकच वाक्य ऐकू येतं, "बाटली उन्हात ठेवा." आंघोळीला जाणारा माणूस बाटली काखेत धरतो, गरम पाण्याच्या बादलीत बुडवतो, नाहीतर झाकण काढून काडीनं आतलं तेल कोरतो. दहा वाजेपर्यंत ऊन खिडकीत येतं, तेल पाण्यासारखं नितळ होतं आणि सकाळी त्यात काही पांढरं होतं हे कुणाला आठवतही नाही.

यंदाही आमची बाटली गोठली. मी ती उलटी धरून बराच वेळ उभा राहिलो. दर वर्षी राहतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कुठला पदार्थ किती तापमानाला वितळतो आणि किती तापमानाला गोठतो, हा धडा मी चोवीस वर्षं शिकवत आलो आहे. मेण, बर्फ, तूप. खोबरेल तेलाचं उदाहरण तर मुलंच देतात. एक हात वर होतो, "सर, आमच्या घरी रोज गोठतंय." आता तो हात वर झाला की मी खडू शोधल्यासारखं करतो.

गौतमरावांची सायकल दोन वर्षं आमच्या मागच्या खोलीत भिंतीला टांगलेली होती. गौतमराव सोनकांबळे रेल्वेत होते, सिग्नल खात्यात. बरीच वर्षं मुदखेडला, मग नांदेडला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, तरी मला "सर" म्हणायचे. मी त्यांना गौतमराव म्हणायचो. आमची ओळख सायकलीमुळेच झाली. पन्नाशीला आलेले, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले आणि चालायचा कंटाळा असलेले आम्ही दोघं एका थंडीत गोदावरीच्या पुलावर भेटलो. धुकं इतकं होतं की आधी मला फक्त त्यांच्या माकडटोपीचा गोंडा दिसला.

पुढे आम्ही दोघांनीही पातळ टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकली घेतल्या. त्यांनी पुण्याहून कुणाची तरी वापरलेली आणली, मी नवी. या सायकलींचं एकेक सामान सोन्यासारखं जपावं लागतं. गिअर बदलायचे खटके हँडलवर असतात, दोन हातांना दोन. त्या एका जोडीची किंमत ऐकून माझी बायको सुनंदा म्हणाली होती, "एवढ्यात म्हैस येती का हो?" मी म्हणालो, "म्हैस नाही, पण रेडकू येईल." ती म्हणाली, "मग रेडकूच आणायचं होतं. चार वर्षांनी दूध तरी दिलं असतं." गौतमरावांना हे इतकं आवडलं की ते त्यांच्या सायकलीला रेडकूच म्हणायला लागले. "सर, रेडकू जरा करकर करून राहिलं. बघता का?"

बघणारा मी. दोघांत यंत्रातलं मला जास्त कळतं, असं आमचं ठरून गेलं होतं. का ठरलं कोण जाणे, कारण आयुष्यभर यंत्र दुरुस्त करणारा माणूस ते होते. पण मी पुस्तकं वाचायचो, मोबाइलवर बघायचो, छोट्या पान्यांचा संच मागवला होता. आमच्या गच्चीवर जुनं पोतं पसरून मी दोन्ही सायकली खोलायचो आणि गौतमराव शेजारी बसून शेंगा सोलायचे. मला ते फार आवडायचं. शाळेत कुणी माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत नव्हतं.

ते सिग्नलच्या गोष्टी सांगायचे. नोकरीला लागले तेव्हा तारेवरचे सिग्नल होते. केबिनमधून दांडा ओढायचा, तार रुळाच्या कडेनं लांबवर गेलेली असायची आणि तिकडे सिग्नलचा हात खाली पडायचा. "कधी कधी न्हाई पडायचा," ते म्हणायचे. "थंडीत तर लई. मग कुनी केबिनवाल्याला बोलत नसतंय सर. आधी तार बघायची. अडकली कुठं, सैल पडली का, गंजली का. मानसाचा हात शेवटी."

सायकलीचा गिअरही असाच असतो. बोटानं खटका दाबायचा. एक बारीक तार एका नळीतून सरकते आणि साखळी एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर जाते. उजवा हात मागच्या चक्र्यांचा. डावा हात पुढच्या दोन चक्र्यांचा, एक मोठी, एक लहान. सपाटीला मोठी. चढ आला की डाव्या हातानं खटका दाबायचा, तार सैल सुटते आणि साखळी लहान चक्रीवर उतरते. पाय हलके होतात. तार नळीत अडकली तर साखळी मोठीवरच राहते, आणि मोठ्या चक्रीवर चढ चढणं म्हणजे भरलेली गाडी एकट्यानं ढकलणं.

तीन हिवाळ्यांपूर्वी गौतमरावांनी ठरवलं, सायकलनं लातूरला जायचं. त्यांची एकुलती एक लेक प्रज्ञा लातूरला दिलेली, तिथंच पोस्टात कामाला. नांदेडहून पहाटे निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी तिच्या दारात सायकल उभी करायची आणि घंटी वाजवायची. सायकलीला घंटी नव्हती. त्यांनी खास त्यासाठी बसवून घेतली. दोन महिने आम्ही सराव केला. सोनखेडपर्यंत जायचो, मग लोह्यापर्यंत. हाताची बोटं बधिर व्हायची, उतारावर डोळ्यांतून पाणी वाहायचं, खोलगट शेतांतून जाताना थंडी अंगाला एकदम चिकटायची आणि जरा वर आलं की सुटायची. ज्वारी पोटऱ्यात आलेली असायची. ऊसतोडीच्या बैलगाड्या दिव्यांशिवाय समोर यायच्या आणि गौतमराव त्यांना ओरडून सांगायचे, "भाऊ, मागं काहीतरी चमकतं लावा की."

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते त्यांची सायकल घेऊन आले. डावी तार झिजली होती. नवी तार त्यांनीच मागवून आणली होती, चांगली, महागाची. मी जुनी ओढून काढली, नवी नळीत घालायला घेतली. घालण्याआधी नळीत वंगण सोडायचं असतं. माझ्याकडची खास वंगणाची इवलीशी बाटली संपली होती. ती पुण्याहून यायला आठ दिवस लागतात आणि इतकी महाग की थेंब थेंब वापरायची. गौतमराव खाली सुनंदाशी बोलत होते. गच्चीच्या कठड्यावर उन्हात खोबरेल तेलाची बाटली होती. नितळ, पाण्यासारखी. मी नळीत तेल सोडलं, तार घातली, खटका दाबला. इतका अलगद गिअर त्या सायकलीला कधीच पडला नव्हता.

गौतमराव वर आले. मी म्हणालो, "बघा, लोण्यासारखं."

त्यांनी दाबून बघितलं नाही. "तुमी केलंय म्हनल्यावर बघायचं काय त्याच्यात?"

त्याच दिवशी सकाळी मी ती बाटली गरम पाण्यात धरून आंघोळीला गेलो होतो.

रविवारी पाचला निघालो. त्या वर्षातली सगळ्यांत कडक थंडी असावी. सपाटीला काही कळलं नाही, मोठ्या चक्रीवरच होतो. लोहा मागे पडलं आणि बालाघाटचे डोंगर सुरू झाले. चढ लागला. मी गिअर उतरवला आणि पुढे निघालो. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "सर, थांबा जरा. गिअर पडून न्हाई राहिला."

चढावर थांबलं की पुन्हा लय धरायला त्रास होतो. मी मान न वळवता ओरडलो, "दाबा की जोरात. का डावा हात गेला कामातून?"

गौतमरावांच्या वडलांना पक्षाघात झाला होता. डावी बाजू गेली होती. सात वर्षं अंथरुणावर होते. हे मला ठाऊक होतं. ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, याच रस्त्यावर. तरीही मी ते बोललो. चेष्टेनं बोललो. चेष्टा होती हे खरं आहे, आणि त्यानं काही बदलत नाही हेही खरं आहे.

माथ्यावर वीसेक मिनिटं वाट बघितली. आधी वैतागलो, मग घाबरलो, मग खाली आलो. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. सायकल शेजारी आडवी. हातमोजा काढून डाव्या हाताची बोटं उघडत होते, मिटत होते.

"दाबून राहिलो सर. खटका वाजतोय. पर लागून न्हाई राहिलं. बोटात जोरच न्हाई."

मी त्यांना लोह्यात परत आणलं. चहाच्या हॉटेलसमोर ऊन आलं होतं. सायकली उन्हात उभ्या करून आम्ही दोन दोन कप प्यालो, पाऊणएक तास बसलो असू. मग मी त्यांच्या सायकलीचा डावा खटका दाबून पेडल फिरवलं. साखळी अलगद लहान चक्रीवर उतरली. परत चढवली, परत उतरली.

"लागतोय की," मी म्हणालो. मला हायसं वाटलं होतं. माझ्या कामात खोट नव्हती.

गौतमरावांनीही दाबून बघितलं. लागला. त्यांचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजे सायकलीत काई न्हाई," ते हळू म्हणाले. "माझ्यातच हाय."

"चला, आता जाऊ लातूरला. उशिरा पोचू."

"नको सर. परत हात सुटला तर."

त्यांनी प्रज्ञाला फोन केला. तिनं पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. "अगं, टायर फुटलं," ते म्हणाले.

त्यांची आयुष्यभराची सवय होती, सिग्नल पडला नाही की आधी तार बघायची. त्या दिवशी त्यांनी तार बघितली नाही, कारण ती मी घातली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला जाताना बाटली उलटी केली. काही पडलं नाही. मी ती हलवली. तेव्हा मला सगळं समजलं, एका क्षणात, अगदी स्वच्छ. पहाटे नळीतलं तेल गोठलं. तार मेणात रुतावी तशी रुतली. लोह्याच्या उन्हात ते वितळलं. मी पाणी तसंच तापत ठेवून त्यांच्या घरी गेलो.

घरी पाहुणे होते. मी चहा घेऊन परतलो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते खुर्चीत बसून डाव्या हातात एक रबरी चेंडू दाबत होते. लाल होता. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं, पण चेंडू त्यांनी स्वतःहून आणला होता. वहिनी म्हणाल्या, "आता तुमीच सांगा सर यांना. माझं ऐकून न्हाई राहिले." मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात ना, मग नसेलच काही." एवढंच म्हणालो.

तिसऱ्यांदा मी ठरवूनच गेलो होतो. रस्ताभर वाक्य घोकत गेलो. मी बसलो आणि तोंड उघडणार तेवढ्यात गौतमरावच म्हणाले, "सर, तुमाला आधीच कळलं होतं न्हाई? चढावर तुमी म्हनले होते, हात गेला का कामातून. मला वाईट न्हाई वाटलं. मित्रालाच आधी दिसतंय."

त्यानंतर मी त्यांच्या घरी जात राहिलो, पण सांगायला गेलो नाही.

त्यांनी सायकल पुन्हा चालवली नाही. हात धडधाकट होता. त्या हातानं ते पिशव्या उचलायचे, प्रज्ञा आली की नातवाला उचलायचे, आणि उचलून झाल्यावर हाताकडे बघायचे. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी साध्या तापाचं निमित्त झालं, ताप डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले, आणि सहा दिवसांत ते गेले. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दवाखान्यात नर्स सलाईन लावायला आली तेव्हा ते म्हणाले, "उजव्याला लावा बाई. डावा आधीच कमजोर हाय." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

वहिनी लेकीकडे लातूरला राहायला गेल्या. रेल्वेचं घर सोडताना सायकल माझ्याकडे आली. "तुमच्याशिवाय कोन सांभाळनार," त्या म्हणाल्या.

मी ती टांगून ठेवली. तार बदलली नाही. मागचे दोन हिवाळे मी रोज सकाळी आंघोळीआधी त्या खोलीत जाऊन डावा खटका दाबायचो. पेडल फिरवलं तरी साखळी मोठ्या चक्रीवरच. सुट्टीच्या दिवशी दहा-साडेदहाला परत जाऊन पेडल फिरवायचो. ती उतरायची. मधल्या वेळात कुणीच सायकलीला हात लावलेला नसायचा. यानं काय साधत होतं, मला सांगता येणार नाही. सुनंदा एकदा दारात येऊन उभी राहिली आणि बघून परत गेली.

यंदा दिवाळीनंतर प्रज्ञाचा फोन आला.

"काका, पप्पांची सायकल हाय का अजून?"

"आहे."

"मला पाहिजे ती." मग ती म्हणाली, "माझ्या डाव्या हाताला मुंग्या येतात हल्ली. शिक्के मारून मारून येत असतील, असं डॉक्टर म्हणतात. पण आमच्या घरात डावी बाजू आहे ना काका. आजोबांची गेली, पप्पांची जायला लागली होती. रात्रंदिवस तेच डोक्यात येतंय. मला तो गिअर दाबून बघायचाय. आई सांगते, पप्पांना लागला नाही तो. मला लागतो का, ते बघायचंय."

फोन ठेवल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेल घेताना मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, गोठतं म्हणून. शाळेत शिकवता काय मग तुम्ही?" थोड्या वेळानं म्हणाली, "पोरीला फोनवर सांगू नका. जाऊन सांगा."

मी गौतमरावांची सायकल खाली काढली. साखळी पुसली, टायर बदलले. तारेला हात लावला नाही.

पहाटे पाचला निघालो. पुलावर धुकं होतं. सोनखेडच्या आसपास कुठंतरी गुऱ्हाळाचा वास आला. गौतमराव त्या वासाला दर वेळी म्हणायचे, "सर, परतताना काकवी घिऊ." आम्ही एकदाही घेतली नाही, कारण परततानाच्या उन्हात तो वास सापडायचा नाही. लोह्यातलं हॉटेल उघडत होतं. थांबलो नाही. ऊन यायच्या आत मला त्या चढावर पोचायचं होतं.

चढ लागला. मी डावा खटका दाबला. खट असा आवाज आला आणि काही झालं नाही. पुन्हा दाबला. मांड्या भरून आल्या, श्वास तोंडातून यायला लागला. मला सगळं ठाऊक होतं. तेल, तापमान, तार, सगळं. तरीही मी सायकल थांबवली, हातमोजा काढला आणि माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. बोटं उघडली, मिटली. माहीत असलेल्या माणसाचं हे झालं. माहीत नसलेला माणूस त्या दगडावर वीस मिनिटं एकटा बसला होता.

उरलेला चढ मी सायकल ढकलत नेली.

लातूरला पोचायला तीन वाजले. दारात घंटी वाजवली. ती त्यांनी यासाठीच बसवली होती. वहिनी बाहेर आल्या आणि सायकल बघून चौकटीला धरून उभ्या राहिल्या. प्रज्ञा ऑफिसमधून आली, तिनं लगेच हँडलला हात घातला. मी म्हणालो, "आत्ता नको. सकाळी." खिडकीच्या फळीवर लाल चेंडू होता.

सकाळी साडेसहाला आम्ही तिघं सायकल घेऊन गच्चीवर गेलो. दाताला दात लागत होते. प्रज्ञानं शाल गुंडाळली होती. तिनं खटक्यावर बोट ठेवलं तेव्हा मी म्हणालो, "थांब. आधी ऐक." आधी दाबू देऊन मग सांगितलं असतं तर गोष्ट जास्त पटली असती. पण भीतीचे तेवढे दोन क्षणही मला तिला द्यायचे नव्हते. त्यांच्या घरात मी दिलेले असे क्षण खूप झाले होते.

मी सांगितलं. तेल, चढ, मी काय ओरडलो ते, आणि तीन वेळा जाऊन न सांगता आलो तेही. काही वगळलं नाही.

प्रज्ञानं विचारलं, "पप्पांना कळलं होतं?"

"नाही."

तिनं डावा खटका दाबला. खट. मी मागचं चाक उचलून धरलं, तिनं पेडल फिरवलं. साखळी मोठ्या चक्रीवरच फिरत राहिली. तिनं पुन्हा पुन्हा दाबलं नाही. पेडल मात्र सोडलं नाही, वाकून एका हातानं हळूहळू फिरवत राहिली. वहिनी पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या. समोरच्या इमारतीमागून ऊन यायला बराच वेळ लागला. आधी ते कठड्यावर आलं, मग हँडलवर, मग नळीवर. माझे हात भरून आले, पण चाक खाली ठेवावंसं वाटलं नाही. खाली कुणीतरी गाडी पुसत होतं.

मग साखळी जराशी थरथरली आणि उतरली. कुणीही काही न दाबता.

प्रज्ञा वाकलेलीच राहिली. वहिनी म्हणाल्या, "दिसभर बसायचे. चेंडू दाबत. मी म्हनायचे, जेवा तरी. तर म्हनायचे, आजून शंभर वेळा." त्या माझ्याकडे बघून बोलत नव्हत्या.

प्रज्ञा खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तो चेंडू होता. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला काही बोलेल. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

"पप्पा गेल्यापासून मी दाबत होते," ती म्हणाली. "आता मला नको." आणि तिनं तो माझ्या हातात दिला. "तुम्ही ठेवा."

नवी तार आणि खरं वंगण मी सोबत नेलं होतं. त्याच गच्चीवर बसून ती तार घातली. प्रज्ञा शेजारी उभी राहून प्रत्येक गोष्ट बघत होती, आणि शेवटी तिनं दाबून बघितलं. तीन वेळा. मग सायकल तिथंच ठेवून मी रेल्वेनं परत आलो.

चेंडू आता आमच्या खिडकीत आहे, तेलाच्या बाटलीशेजारी. रबर जुनं झालंय, एका बाजूला गौतमरावांच्या बोटांचे चार खळगे पडलेत. सकाळी बाटली उन्हाकडे सरकवली की मी तो डाव्या हातात घेतो. माझी बोटं त्या खळग्यांत बसत नाहीत. त्यांचा हात माझ्यापेक्षा मोठा होता.